कॅम बदलायचाय? आधी गाडी कुठे चालवता ते सांगा

या भागाचं हे लिखित रूप, ऐकताना आकडे सुटले असतील त्यांच्यासाठी.

सध्या एकाच छापाचे व्हॉइस नोट येताहेत. "भाऊ, घरची २००७ ची पेट्रोल स्विफ्ट आहे, २७२ चा कॅम टाकू की २८८ चा?" माझा उलटा प्रश्न असतो: गाडी चालवता कुठे? सीताबर्डीच्या सिग्नलवर, समृद्धीवर, की खरोखर ट्रॅकवर? कॅमची निवड तिथूनच सुरू होते. आकडे नंतर.

आधी कॅम करतो काय ते बघू. इंजिनचा क्रँक दोनदा फिरतो तेव्हा कॅमशाफ्ट एकदा फिरतो. म्हणजे ६००० आरपीएमला कॅम ३००० ने फिरतोय आणि प्रत्येक व्हॉल्व्ह सेकंदाला ५० वेळा उघडमीट करतोय. बाप्पा! एवढ्या कमी वेळात सिलिंडर भरायचा, तर व्हॉल्व्ह लवकर उघडायला हवा आणि पिस्टन वर यायला लागला तरी थोडा उशिरा मिटायला हवा. वेगात आलेली हवा आपल्याच जोरावर आत घुसत राहते. व्हॉल्व्ह किती अंश उघडा राहतो ती ड्युरेशन, आणि किती मिलिमीटर उचलला जातो ती लिफ्ट.

पण तीच गाडी २००० आरपीएमवर आणा. हवेला आता जोर नाही. व्हॉल्व्ह अजून उघडाच, आणि वर येणारा पिस्टन आत आलेली हवा परत मॅनिफोल्डमध्ये ढकलतो. सिलिंडर अर्धाच भरला, टॉर्क गेला. त्यात मोठ्या कॅमला ओव्हरलॅप जास्त, म्हणजे इनटेक आणि एक्झॉस्ट दोन्ही व्हॉल्व्ह एकाच वेळी जास्त काळ उघडे. आयडलला जळालेला वायू ताज्या मिश्रणात मिसळतो आणि जळणं अडखळतं. रील्समध्ये जो 'धब-धब' आवाज ऐकून आपण खूश होतो ना, तो हाच. ताकदीचा आवाज नाही तो.

आता थोडा हिशेब, आकडे समजण्यापुरते घेतलेत. ताकद म्हणजे टॉर्क गुणिले आरपीएम. कंपनीच्या कॅमवर ५००० ला १०० न्यूटन-मीटर मिळत असेल तर ती साधारण ७१ पीएस. मोठ्या कॅमने ६५०० ला ९५ मिळाले तर ८८ पीएस! टॉर्क कमी होऊनही ताकद वाढली, जाहिरातीत हाच आकडा छापतात. पण २००० ला ८५ चे ७० झाले तर तिथे २४ पीएसचे २० उरले. आणि वर्धा रोडवर संध्याकाळी तुम्ही ६५०० ला किती वेळ असता?

समृद्धीवर तरी? तिथे कारला १२० ची मर्यादा आहे. जुन्या छोट्या पेट्रोल गाड्या पाचव्या गिअरमध्ये त्या वेगाला साधारण साडेतीन-चार हजारांवर असतात. रस्त्यावर जाऊन टॅको बघा आणि लिहून ठेवा, कॅम निवडायला तोच आकडा कामाचा. आणि २००५ ला आलेल्या १.३ स्विफ्टचा कमाल टॉर्क, ११३ न्यूटन-मीटर, मुळातच ४५०० ला येतो. वर श्वास घेणारं इंजिन आहे ते, त्याला आणखी वर ढकलून शहरात काय मिळणार?

नागपूरची एक खास अडचण आहे. मे महिना, ४५ डिग्री, एसी फुल. मोठ्या कॅमने आयडलचा व्हॅक्यूम कमी होतो. त्यावर एसीच्या कॉम्प्रेसरचा भार आला की गाडी सिग्नलवर बंद पडू शकते. त्याहून गंभीर गोष्ट म्हणजे ब्रेकचा बूस्टरही त्याच व्हॅक्यूमवर चालतो. पेडल कडक लागायला लागलं तर ते हसण्यावारी नेऊ नका. शिवाय ज्या गाड्यांचा ईसीयू मॅनिफोल्डच्या दाबावरून हवा मोजतो, तो नव्या कॅमने गोंधळतो. म्हणून ट्यूनिंगशिवाय कॅम ही अर्धी खरेदी.

मग घ्यायचा तरी कोणता? रस्त्यासाठी माझं मत स्पष्ट आहे: साधारण २६० डिग्रीच्या आसपासचा सौम्य कॅम, आयडल शाबूत ठेवणारा. २८८ वगैरे ट्रॅकवाल्यांना द्या. पण दोन कंपन्यांचे '२७२' एकसारखे नसतात. कुणी ०.१ मिलिमीटर लिफ्टपासून मोजतं, कुणी १ मिलिमीटरपासून. कुठून मोजलंय हे विक्रेत्याला सांगता येत नसेल तर तिथून घेऊ नका.

आपल्याकडे स्वस्त पर्याय म्हणून जुनाच कॅम ग्राइंड करून देतात. ग्राइंडिंगमध्ये धातू फक्त काढता येतो, घालता येत नाही. म्हणून लोबची गोल बाजू खाली घासतात आणि लिफ्ट वाढवतात. यात पृष्ठभागाचा कडक थर निघून गेला तर लोब काही महिन्यांत झिजतो. "पुन्हा हार्डनिंग करणार का?" हे आधीच विचारा. टॅपेटचा गॅपही नव्याने सेट करावा लागतो.

लिफ्ट वाढली की स्प्रिंग तपासा. कमजोर स्प्रिंग वरच्या आरपीएमला व्हॉल्व्हला कॅमसोबत ठेवू शकत नाही. हेड बसवण्याआधी पिस्टनवर मुलं खेळतात ती क्ले लावून इंजिन हाताने दोनदा फिरवायला सांगा, मग हेड काढून दबलेल्या क्लेची जाडी मोजा. इनटेकला सुमारे २ आणि एक्झॉस्टला अडीच मिलिमीटर जागा हवी. याला तासभर जास्त लागतो म्हणून टाळणारे फिटर मी पाहिलेत. व्हॉल्व्ह पिस्टनला आदळला तर खर्च तुमचाच.

होंडाने हा तिढा १९८९ मध्ये व्हीटेकने सोडवला: एकाच शाफ्टवर खालच्या आणि वरच्या आरपीएमसाठी वेगळे लोब, तेलाच्या दाबाने अदलाबदल. आपल्याकडची जुनी सिटी व्हीटेक, १०६ बीएचपीवाली, लोक अजून काहून शोधतात ते कळलं ना?

आता कायदा. कॅम बाहेरून दिसत नाही, पण पीयूसीच्या मशीनला वास येतो. बीएस-३ पेट्रोल कारला आयडलला कार्बन मोनॉक्साइड ०.५ टक्का आणि हायड्रोकार्बन ७५० पीपीएम ही मर्यादा आहे. ओव्हरलॅपने न जळलेलं पेट्रोल थेट एक्झॉस्टमध्ये जातं आणि दुसरा आकडा चढतो. २००७ ची गाडी १५ वर्षांनंतर पुनर्नोंदणीवर चालतेय, तपासणी पुन्हा होणारच. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८२अ नुसार परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलासाठी मालकाला ५००० रुपये दंड, ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. मालक म्हणजे आरसीवर ज्याचं नाव आहे तो. बहुतेकांच्या बाबतीत, बाबा.

म्हणून घरच्या गाडीसाठी माझा क्रम असा: आधी कम्प्रेशन टेस्ट, टॅपेट, प्लग, इंजेक्टर सफाई, टायमिंग बेल्टचे मार्क. दीड लाख किलोमीटर चाललेल्या इंजिनाची हरवलेली ताकद बऱ्याचदा इथेच सापडते. एवढं करूनही हात शिवशिवत असतील तर फक्त ट्रॅकसाठी दुसरी जुनी गाडी घ्या. चेन्नईजवळचा इरुंगट्टुकोट्टईचा ट्रॅक नागपुरातून हजार किलोमीटरच्या पुढे आहे, तेव्हा ट्रेलरचा खर्चही त्याच वहीत लिहा.