गंगावन लावा, पण केस राखा

लग्नसराई आली, की आष्ट्यातल्या आमच्या वर्गाला गळती लागते. कुणाच्या घरी हळद, कुणाच्या घरी साखरपुडा. गेल्या उन्हाळ्यात वर्गातली एक सून अशीच महिनाभर आली नाही. आली तेव्हा डोक्यावरचा पदर सोडायला तयार होईना. उकाडा तर मरणाचा. शेजारी बसलेल्या आक्का म्हणाल्या, "अगं, काढ की पदर. हितं कोण गडीमाणूस हाय?" पदर सरकला आणि आम्ही गप्पच झालो. दोन्ही कानशिलांवर रुपयाएवढी जागा उघडी पडली होती. भोवती बारीक पुटकुळ्या होत्या.

झाले होते असे. तिचे बाळ चार महिन्यांचे. बाळंतपणानंतर केस मूठमूठ गळू लागले. त्यात नणंदेचे लग्न. फोटोत वेणी शेपटीसारखी दिसेल म्हणून एका ठिकाणी जाऊन तिने केसांच्या बटा डिंकासारख्या पदार्थाने चिकटवून घेतल्या. पहिल्या रात्रीपासून डोके ठणकत होते. "सवय झाली की थांबतंय," असे सांगितल्यामुळे तिने तीन आठवडे काढले. शेवटी एका बटेबरोबर तिचे स्वतःचे केसही मुळासकट हातात आले.

ती वाईट वागली का? मुळीच नाही. जादा केस लावण्याची हौस आपल्याकडे जुनीच आहे. आपल्या आज्या-पणज्या गंगावन लावत होत्या. पूर्वी गंगावन वनगाईच्या, म्हणजे याकच्या, शेपटीच्या केसांचे करत. देवापुढे ढाळायची चवरीही त्याच केसांची. सांगलीत १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' रंगभूमीवर आणले, तेव्हापासून कितीतरी वर्षे बायकांची सोंगे पुरुषच घेत. नागठाण्याचे बालगंधर्व तर आपल्या शेजारचेच. केसांचा टोप लावून ते रंगभूमीवर आले, की बायकाही त्यांची केशरचना न्याहाळून घेत. तेव्हा हौस करावी. फक्त आपल्या केसांना काय झेपते ते आधी ओळखावे.

माणसाच्या डोक्यावर साधारण एक लाख केस असतात. दिवसाला पन्नास ते शंभर गळतात, तेवढे नवे येतात. केस महिन्याला जेमतेम एक सेंटिमीटर वाढतो. म्हणजे वीतभर केस यायला दोन वर्षे लागतात. दिसणारा केस निर्जीव असतो. तो कापला तर दुखत नाही. जीव असतो तो कातडीखालच्या मुळात. उसाचा बुडखा शाबूत असला, की तोडलेल्या उसाला पुन्हा फुटवा येतो. बुडखाच उपटला तर काय येणार? केसांचेही तसेच आहे.

केस एकदा ओढला म्हणून मूळ मरत नाही. पण रोज, तासन्‌तास ताण बसला, तर मूळ सुजते, केस बारीक होतो, मग गळतो. इथवर ताण काढला तर केस परत येतात. तरीही ओढ चालूच राहिली, तर मुळाच्या जागी वण धरतो आणि तिथे पुन्हा कधी केस उगवत नाही. या दुखण्याची नोंद प्रथम १९०७ साली झाली, ती दूरच्या ग्रीनलंड देशात. तिथल्या बायका केस करकचून वर बांधत आणि कपाळाच्या कडेने त्यांना टक्कल पडे. बर्फातली बाई काय आणि कृष्णाकाठची काय, केसाचे मूळ सारखेच!

डोके दुखणे, केसांच्या कडेला पुटकुळ्या येणे, भुवया वर ओढल्यासारख्या वाटणे, ही मुळांची हाकाटी आहे. त्या वेळी गोळी घेऊन झोपू नये. केस सोडावेत.

आता गंगावनाकडे पाहू. जुन्या पद्धतीच्या गंगावनाला तीन पेड असतात. आपल्या केसांचेही तीन पेड करायचे, एकेकात गंगावनाचा एकेक पेड मिसळायचा आणि वेणी घालायची. त्यामुळे वजन सगळ्या केसांवर वाटले जाते. बांधायचे तेही मानेजवळ, मुळापासून बोटभर अंतर सोडून. रात्री सोडायला क्षणभर लागतो. आमच्या मते आजही यासारखी बिनधोक वस्तू नाही. चापाने अडकवायच्या बटा दुसऱ्या नंबरच्या. चाप चिमूटभर केसांना धरतो, म्हणून जाड केस पाहून लावावा, कानशिलावर कधीच नाही. तिथले केस नाजूक असतात. डिंकाने, गरम लाखेसारख्या पदार्थाने किंवा बारीक कड्यांनी बसवलेल्या बटा महिनोन्‌महिने डोक्यावर राहतात. रात्री उशीवर, दिवसा पदराखाली, ओढ चालूच. हे प्रकार करायचेच असतील, तर हात बसलेल्या माणसाकडूनच करावेत. डिंक आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून दोन दिवस थांबावे. खाज किंवा लाली आली तर तो नाद सोडावा. बटा घरी ओढून काढू नयेत, आणि रॉकेल तर अजिबात लावू नये.

बाळंतिणीने मात्र दमानेच घ्यावे. बाळंतपणानंतर दोन-चार महिन्यांनी केस गळतात, ते बहुतेकींचे वर्षभरात आपोआप भरून येतात. नेमके त्याच दिवसांत वजन टांगले, तर येणाऱ्या केसांचेही नुकसान होते. टायफॉइडसारखा मोठा ताप येऊन गेल्यावरही तेच. अंगात रक्त कमी असले तरी केस गळतात. मग गंगावनाआधी दवाखाना गाठावा आणि रक्त तपासून घ्यावे.

विकत घेताना एक केस ओढून काढून जाळून पाहावा. खरा केस चुरचुरतो, शिंग जळल्यासारखा वास येतो आणि राख हाताने चुरडते. नायलॉनचा केस वितळून त्याची टणक गोळी होते. नायलॉन स्वस्त, म्हणून वाईट असे नाही. पण ते लावून चुलीपुढे किंवा गॅसपुढे बसू नये. ते पेटले तर वितळून कातडीला चिकटते.

खऱ्या केसांतही दोन जाती. केसाला माशासारखी बारीक खवले असतात, ती मुळाकडून टोकाकडे वळलेली. तिरुपतीला भक्त केस देतात, ते उतरवून लिलावात विकले जातात आणि दूर देशी जातात. हे केस एका दिशेने जुळवून ठेवता येतात, म्हणून महाग. आपण विंचरताना निघालेले गुंतवळ फेरीवाल्या बाईला देऊन भांडे घेतो ना? त्या गुंतवळातही मुळे-टोके उलटसुलट असतात. खवल्यात खवले अडकते आणि असे गंगावन लवकर गुंतते. "म्हंजे आमचंच केस आमालाच महाग पडतात," असे एक मावशी म्हणाल्या. खोटे नाही!

गुंतण्यावरून सांगायचे राहिले. न्हाल्यावर ओल्या केसांवर गंगावन बांधले, तर आत ओल कोंडते, खाज सुटते. आठवडे-आठवडे न सोडता ठेवले, तर तेल, घाम, धूळ यांनी आपले केस आणि ते केस मिळून गोळा होतो. तो फणीला दाद देत नाही. मग कुणीतरी म्हणते, ही यल्लमाची जट, हिला हात लावायचा नाही. आपल्या सांगली-मिरजेपासून सौंदत्तीपर्यंत अशा गोळ्यापायी कितीतरी पोरींना देवाला सोडले गेले. मुंबई इलाख्यात १९३४ साली, कर्नाटकात १९८२ साली आणि महाराष्ट्रात २००५ साली या चालीविरुद्ध कायदे झाले. साताऱ्याचे डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी १९८९ साली सुरू केलेल्या अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते बायकांची समजूत घालून अशा जटा कापतात. कापल्यावर आत सापडते ते काय? मळ, उवा आणि फोड. मानेवरचे वजन उतरते, बाई सुखाने झोपते. देवीचा कोप कुणावर झालेला आम्ही पाहिला नाही. गुंता लहान असताना खोबरेल लावून, बोटांनी, टोकाकडून सुरू करून वर यावे, म्हणजे कात्रीची वेळ येत नाही.

गंगावन रिठ्याच्या किंवा शिकेकाईच्या कोमट पाण्यात धुवावे, पिळू नये, सावलीत टांगून वाळवावे. एकीचे गंगावन दुसरीने लावू नये. उवा नाते पाहत नाहीत.

त्या सुनेला आम्ही कातडीच्या डॉक्टरांकडे नेले. पुटकुळ्यांना मलम मिळाले आणि घट्ट बांधायला मनाई झाली. तिच्या सासूबाई आधी रागावल्या होत्या. मग त्यांनीच ट्रंकेतून आपले लग्नातले तीन पेडांचे गंगावन काढून दिले आणि म्हणाल्या, "केस भरून आल्यावरच लाव. आन्‌ निजताना सोडून ठेव." दिवाळीत ती वर्गात आली तेव्हा पदर खांद्यावर होता. कानशिलावर बोटाच्या पेराएवढे मऊ केस उगवून उभे राहिले होते, आणि मांडीवरचे बाळ तेच ओढत होते.