असील कोंबडीपालन: पिल्लं विकण्याआधी वाण सांभाळायला शिका



देशी कोंबडीचा विषय निघाला की एक प्रश्न हमखास येतो: "सर, असील पाळली तर परवडेल का?" थोडक्यात उत्तर असं: ब्रॉयलरसारखी मांसासाठी पाळाल तर परवडणार नाही. शुद्ध पैदाशीचा छोटा कळप नोंदी ठेवून सांभाळाल तर परवडू शकतं. असं का, ते आज आकड्यांनिशी समजून घेऊ.

असील म्हणजे नेमकं काय?

'असील' हा मूळ अरबी शब्द. अर्थ खानदानी, शुद्ध रक्ताचा. आपला 'अस्सल' शब्दही त्याच मुळातला. या जातीचं माहेर आंध्र प्रदेश, ओडिशा आणि छत्तीसगड. आपल्याकडे छत्तीसगडला लागून असलेल्या गडचिरोली-गोंदिया भागात हा पक्षी चांगलाच ओळखीचा आहे. रंगांवरून याचे प्रकार पडतात: पीला, याकूब, नूरी, कागर, चित्ता वगैरे.

उंच पाय, लांब मान, ताठ चाल, घट्ट पिसं आणि डोक्याला चिकटलेला बसका तुरा ही याची ओळख. पण खरी किंमत आहे ती रानटी पूर्वजांकडून आलेल्या गुणांची. कोंबडी खुडूक बसते, अंडी स्वतः उबवते आणि पिल्लांसाठी मांजरावर, मुंगसावरही धावून जाते. भरपूर अंडी देणाऱ्या व्यावसायिक जातींमधून हा खुडूकपणा माणसाने निवड करून करून काढून टाकला. असीलमध्ये तो अजून शाबूत आहे. ज्यांच्याकडे इनक्युबेटर नाही, अशा परसातल्या कोंबडीपालकांना हाच गुण हवा असतो.

आधी आकडे बघा, मग स्वप्नं

इज्जतनगरच्या केंद्रीय पक्षी संशोधन संस्थेचे असीलचे आकडे असे आहेत:

- 20 आठवड्यांचं वजन: सुमारे 1,220 ग्रॅम
- पहिलं अंडं: साधारण 196 व्या दिवशी, म्हणजे साडेसहा महिन्यांनी
- वर्षाची अंडी: सुमारे 92
- फलित अंडी: 66 टक्के
- फलित अंड्यांतून पिल्लं: 63 टक्के

ब्रॉयलर सहा आठवड्यांत दोन किलोच्या आसपास जातो. इथे पाच महिने दाणा घालून सव्वा किलो. त्यामुळे वजनाच्या शर्यतीत आपण हरलेलोच आहोत.

आता पिल्लांचा हिशेब करा. 100 अंडी ठेवली, त्यातली 66 फलित, आणि 66 चे 63 टक्के म्हणजे 41-42 पिल्लं. त्यात थोडी मर धरा. उरलेल्यांत साधारण निम्मे नर. हे नर वयात यायला लागले की एकमेकांना रक्तबंबाळ करतात, त्यांना वेगळं ठेवावंच लागतं. म्हणजे प्रत्येक नराला जागा आणि खुराडा आला. प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये '100 अंडी = 90 पिल्लं' असं कोणी लिहून दिलं असेल, तर तो कागद बाजूला ठेवा.

24 पक्षी तेच, निकाल वेगळा

आता सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा. बरेच जण एक जबरदस्त कोंबडा आणतात आणि 23 कोंबड्यांत सोडतात. पहिल्या वर्षी पिल्लं छान दिसतात. पण ती सगळी एकाच बापाची, म्हणजे भावंडं किंवा सावत्र भावंडं! पुढे त्यांच्यातच जोड्या लागल्या की अंडी कमी फलित होतात, पिल्लं कमजोर निघतात, मर वाढते.

याचं एक सोपं गणित आहे. नर आणि मादी यांच्या संख्यांचा गुणाकार करा, त्याला 4 ने गुणा आणि एकूण पक्ष्यांनी भागा. आलेला आकडा म्हणजे वाणाच्या दृष्टीने तुमचा 'खरा कळप'.

- 1 नर, 23 माद्या: 4 × 23 ÷ 24 = जेमतेम 4
- 6 नर, 18 माद्या: 4 × 108 ÷ 24 = 18

पहिल्या कळपात दर पिढीला जवळच्या नात्याचा दोष सुमारे 13 टक्क्यांनी वाढतो, दुसऱ्यात 3 टक्क्यांच्या आत राहतो. पक्षी दोन्हीकडे 24 च.

तीन घरांची पद्धत

1. कळपाची तीन घरं करा: लाल, निळं, पिवळं. प्रत्येक घरात 6 माद्या आणि 2 नर. दोन्ही नर एकत्र सोडायचे नाहीत. एक आत, एक वेगळा, मग काही दिवसांनी अदलाबदल.
2. पिल्लांच्या पायात आईच्या घराच्या रंगाची रिंग घाला.
3. मुली आईच्याच घरात राहतील. मुलगे मात्र पुढच्या घरात जातील: लालचे निळ्यात, निळ्याचे पिवळ्यात, पिवळ्याचे लालमध्ये.
4. सुरुवातीचे पक्षी एकाच माणसाकडून घेऊ नका. किमान तीन वेगवेगळ्या ठिकाणांहून घ्या.

सोबत एक साधी वही: अंडी कधी ठेवली, किती फुटली, कोणत्या घरातली, किती जगली. ही वहीच उद्या तुमची विक्रीची ताकद आहे.

शुद्ध पक्षी ओळखायचा कसा?

तुरा बघून लगेच पैसे देऊ नका. बसका तुरा हा प्रभावी गुण आहे. असीलचा गावरानशी संकर झाला तरी पहिल्या पिढीत तो बऱ्यापैकी दिसतो. खोट उघडी पडते पुढच्या पिढीत, जेव्हा एखाद्या पिल्लाला उभा, करवतीसारखा तुरा येतो. तसं झालं तर समजा, आई आणि बाप दोघांच्याही रक्तात भेसळ आहे. म्हणून विकणाऱ्याला जोडी नाही, तिची पिल्लं दाखवायला सांगा.

तीन गोष्टी अजिबात करू नका

झुंजीसाठी विक्री. प्राण्यांच्या झुंजी लावणं हा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा, 1960 नुसार गुन्हा आहे. पूर्व विदर्भातल्या कोंबडबाजारांवर पोलिसांचे छापे पडतात, हे तुम्ही बातम्यांत वाचलं असेलच. त्या पैशावर धंदा उभा करू नका.

रानकोंबडा पकडून संकर. 'रक्त ताजं होतं' असं कोणी सांगेल. वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 खाली हा पक्षी संरक्षित आहे. शिवाय ज्या शुद्धतेसाठी ग्राहक पैसे देतो, तीच जाते.

'पिल्लं आम्ही देतो, अंडी आम्हीच घेतो' असे करार. कडकनाथच्या नावाखाली अशाच योजनांत महाराष्ट्रात कित्येक शेतकऱ्यांचे पैसे अडकले, आणि 2019 मध्ये ते प्रकरण पोलिसांपर्यंत गेलं. असीलचं नाव घेऊन कोणी तेच सांगत आलं, तर आधी विचारा: "तुमच्याशिवाय दुसरं गिऱ्हाईक कोण?" उत्तर नसेल, तर चहा पाजा आणि निरोप द्या.

मग विकायचं काय?

तुमचा मुख्य माल म्हणजे नोंद असलेली पिल्लं, तलंगा आणि न-नात्यातल्या जोड्या. जादाचे नर मांसासाठी जातील, पण ते दुय्यम उत्पन्न धरा. लसीकरणात कंजुषी नको. मानमोडी म्हणजे राणीखेत एकदा शिरला की अख्खा कळप साफ होतो, आणि वर्षानुवर्षं जपलेलं रक्त बाजारात पुन्हा विकत मिळत नाही. वेळापत्रक जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यातून लिहून घ्या. शक्य असेल तर एक घर दुसऱ्या गावात, विश्वासातल्या माणसाकडे ठेवा.

कर्ज काढून 500 पिल्लांनी सुरुवात करू नका. 24 पक्षी, तीन घरं, एक वही. दोन पिढ्या नीट काढा आणि मगच बोर्ड लावा: 'शुद्ध असील मिळेल'. तेव्हा ग्राहकाने पुरावा मागितला तरी तुम्ही निवांत असाल, कारण वही टेबलावर असेल.