पाठीला पाठ लावलेली घरे

उत्तर इंग्लंडमधील लीड्स शहराचा टाउन हॉल पाहिला, की लोकर व कापड यांच्या व्यापारातून आलेली श्रीमंती डोळ्यांत भरते. कथबर्ट ब्रॉड्रिक या तरुण वास्तुशिल्पज्ञाने रचलेल्या या इमारतीचे उद्घाटन १८५८ साली राणी व्हिक्टोरियाच्या हस्ते झाले. पण ही संपत्ती ज्यांच्या श्रमांतून निर्माण झाली, ते कामगार राहत कोठे?

त्यांतील बहुसंख्य राहत ते ‘बॅक-टू-बॅक’ घरांत. या घरांची मागची भिंत पाठीमागच्या घराशी सामाईक, दोन्ही बाजूंच्या भिंती शेजाऱ्यांशी सामाईक. दारे-खिडक्या काय त्या पुढच्याच बाजूला. वारा आरपार जायचा नाही. १८३२ च्या कॉलऱ्यानंतर डॉ. रॉबर्ट बेकर यांनी साथीने ग्रासलेले भाग नकाशावर दाखविले, तेव्हा रोग आणि अस्वच्छ वस्ती यांचे नाते उघड झाले. १८६६ च्या कायद्याने एका गटात आठच घरे बांधण्याची मर्यादा घातली; दोन गटांमध्ये शौचकूपांसाठी जागा राहू लागली. १९०९ साली देशभर अशा घरांना बंदी झाली. तरीही, आधी मंजूर झालेल्या नकाशांच्या आधारे लीड्समध्ये ती १९३७ पर्यंत बांधली जात होती!

गलिच्छ वस्त्या हटविण्यासाठी नगरपालिकेने क्वारी हिल येथे ९३८ सदनिकांचे संकुल उभारले. धर्मोपदेशक व नगरसेवक चार्ल्स जेंकिन्सन यांचा आग्रह आणि आर. ए. एच. लिव्हेट यांची रचना. १९३८ साली तेथे रहिवासी येऊ लागले. लिफ्ट होत्या, कचरा थेट मोरीतून वाहून नेण्याची सोय होती. परंतु पोलादी सांगाडा गंजू लागला, काँक्रीटचा कमकुवतपणा उघडा पडला आणि १९७८ पर्यंत संपूर्ण संकुल जमीनदोस्त झाले.

बॅक-टू-बॅकपैकी जुनी, कोंदट घरे पडली. पण नंतरची हजारो घरे हेअरहिल्ससारख्या भागांत आजही नांदती आहेत. नळ आले, न्हाणीघरे झाली. एकेक घर स्वतंत्रपणे सुधारता आले. क्वारी हिलचा मात्र सांगाडाच आजारी पडला आणि त्याबरोबर सर्वांचीच घरे गेली.

म्हणून काही पाठीला पाठ लावलेली घरे आदर्श ठरत नाहीत. उजेड आणि हवा यांची उणीव त्यांत आहेच. मात्र घराची पारख केवळ नकाशावरून होत नाही, हे लीड्स शिकविते. ते दुरुस्त करणे माणसाच्या हाती उरते की नाही, हेही पाहावे लागते.