खोक्यावर नाव नसलेली चिप
मोबाइलचे प्रोसेसर आणि मोडेम : गैरसमज आणि वस्तुस्थिती

पुणे जिल्ह्यात महाळुंगे नावाची गावं एकाहून जास्त. एक चाकणजवळचं, कारखान्यांचं. दुसरं मुळशी तालुक्यातलं, बालेवाडीला खेटून असलेलं. १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी उभारलेलं क्रीडासंकुल इथलंच. ३० जून २०२१ ला पुणे महापालिकेत २३ गावं गेली, त्यात हेही गेलं. मुळा नदीच्या पलीकडे हिंजवडी, त्यामुळे इथल्या उंच इमारतींमधली निम्मीअधिक घरं कॉम्प्युटरवर पोट भरणारी असावीत. साहजिकच मोबाइल घेताना इथला माणूस दुकानदारालाच चार गोष्टी शिकवतो. स्नॅपड्रॅगन आहे का, किती नॅनोमीटर, कोअर किती, मीडियाटेक असेल तर राहू दे. हाच माणूस पार्किंगमध्ये उतरला की त्याचा कॉल तुटतो आणि तो प्रोसेसरला शिव्या घालतो.

सगळी चर्चा प्रोसेसरची आणि बरीचशी दुखणी मोडेमची, असा हा मामला आहे. मोडेमचं नाव खोक्यावर क्वचितच छापलेलं असतं. गैरसमज तिथूनच सुरू होतात.

“प्रोसेसर भारी आहे, म्हणजे फोन लागणारच”

दोन्ही कामं वेगळी आहेत. प्रोसेसर ॲप चालवतो, फोटो घडवतो, गेम पळवतो. मोडेम टॉवरशी बोलतो. क्वालकॉम (स्नॅपड्रॅगन यांचीच) आणि मीडियाटेकच्या बहुतेक चिपांमध्ये हे दोघे सिलिकॉनच्या एकाच तुकड्यावर नांदतात, म्हणून आपल्याला ते एकच वाटतात. वेगळेपण बघायचं असेल तर मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात जा. जोरात आपटलेला एखादा फोन असा येतो की स्क्रीन लागते, व्हिडिओ चालतो, वायफायवर सगळं सुरळीत असतं. पण *#०६# दाबलं की आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळखक्रमांक, गायब, आणि ‘अबाउट फोन’मध्ये बेसबँडपुढे (म्हणजे मोडेमपुढे) ‘अननोन’. कारागीर लगेच सांगतो, “नेटवर्कचा भाग गेलाय.” प्रोसेसर ठणठणीत असूनही फोन मुका झालेला असतो.

मोडेमचं काम किती नाजूक आहे, तेही बघा. अँड्रॉइड फोनमध्ये सिम स्टेटस उघडलं की सिग्नलचा आकडा दिसतो, उदाहरणार्थ उणे ११० डीबीएम. याचा अर्थ असा : एका वॅटचे एक कोटी भाग करा, त्यातल्या एका भागाचे पुन्हा एक कोटी भाग करा. तेवढ्या शक्तीची लहर तुमच्या अँटेनाला लागते आहे आणि मोडेम त्यातून व्हिडिओ कॉल काढून देतो आहे. लग्नाच्या मांडवात बँड वाजत असताना पलीकडच्या टोकाला कुजबुजणाऱ्या मामांचं वाक्य अचूक टिपावं, तसं. बायपासवर गाडी ऐंशीच्या वेगानं जात असली तर एका टॉवरचा हात सोडून दुसऱ्याचा धरायचा, तोही संभाषण न तोडता. आणि हे २-जीपासून ५-जीपर्यंतच्या सगळ्या पिढ्यांत, जगातल्या शेकडो कंपन्यांच्या जाळ्यांवर जमलं पाहिजे.

“मोठ्या कंपन्या आपली चिप स्वतःच बनवतात”

प्रोसेसरबद्दल हे बऱ्यापैकी खरं आहे. मोडेमबद्दल बघायचं तर ॲपलची गोष्ट बघावी. पैशाला कमी नाही, माणसांना कमी नाही, आणि प्रोसेसर तर २०१० च्या ए-४ पासून स्वतःचा. पण २००७ च्या पहिल्या आयफोनमध्ये मोडेम इन्फिनिऑनचा होता, पुढे क्वालकॉमचा आला, २०१६ पासून काही फोनांत इंटेलचा. दरम्यान ॲपल आणि क्वालकॉम यांची कोर्टात जुंपली. एप्रिल २०१९ मध्ये ज्या दिवशी तडजोड झाली, त्याच दिवशी इंटेलनं ५-जी फोनच्या मोडेममधून अंग काढून घेतलं. जुलैमध्ये ॲपलनं इंटेलचा तो धंदाच एक अब्ज डॉलरला विकत घेण्याचं जाहीर केलं. सोबत सुमारे २,२०० माणसं. तरी पहिला स्वतःचा मोडेम, सी-१, बाजारात यायला फेब्रुवारी २०२५ उजाडलं, आणि तोही आयफोन १६-ई या स्वस्त भावंडात. त्याच वर्षी सप्टेंबरात आलेल्या आयफोन १७ मध्ये पुन्हा क्वालकॉमच.

शाओमीनं मे २०२५ मध्ये एक्सरिंग ओ-१ नावाचा आपला प्रोसेसर मोठ्या थाटात आणला. त्याच्या शेजारी मोडेम मीडियाटेकचा बसवलेला होता. गूगलनं ‘टेन्सर’चा गाजावाजा केला, त्याच्या जोडीला मोडेम सॅमसंगचा. प्रोसेसर करायचा तर आर्म या कंपनीकडून कोअरचा आराखडा परवान्यावर मिळतो, छपाई तैवानची टीएसएमसी करून देते. मोडेमला असा तयार आराखडा सहजी मिळत नाही. वर पेटंटांचं जंगल आणि देशोदेशी रस्त्यावर फिरून करायच्या चाचण्या. आज फोनसाठी ५-जी मोडेम करणाऱ्या नावाजलेल्या कंपन्या मोजायला दोन हातांची सगळी बोटंही लागत नाहीत : क्वालकॉम, मीडियाटेक, सॅमसंग, हुआवे, युनिसॉक आणि आता ॲपल.

सोडून गेलेल्यांची यादी मात्र लांब आहे. ब्रॉडकॉमनं २०१४ मध्ये आवरतं घेतलं. एसटी-एरिक्सन २०१३ मध्ये मोडीत निघाली. पुण्यात ज्यांचं मोठं केंद्र आहे आणि एआयच्या चिपांमुळे जे आज घराघरांत ठाऊक झालेत, त्या एनव्हिडियानंही २०११ मध्ये आयसेरा ही ब्रिटिश मोडेम कंपनी ३६ कोटी ७० लाख डॉलरला घेतली होती. चार वर्षांत त्यांनीही दुकान बंद केलं.

“५-जी फोन घेतला की ५-जी मिळणार”

सगळ्यात जास्त पैसे या समजापायी वाया जातात, म्हणून इथे थोडं थांबू.

सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं तेव्हाची गंमत आठवत असेल. हातात ४-जी फोन, त्यात ४-जी सिम, नेट पळतंय, पण साधा कॉल लागत नाही. जिओकडे २-जी, ३-जीचं जाळंच नव्हतं; आवाजही ४-जीवरूनच, व्होल्टीनं जायचा. चिपला ४-जी येत होतं, पण अनेक फोनांच्या सॉफ्टवेअरमध्ये व्होल्टी नव्हतं. मग लोकांनी वेगळं ॲप टाकून कॉल केले.

सहा वर्षांनी तोच प्रयोग नव्या संचात झाला. १ ऑक्टोबर २०२२ ला देशात ५-जीचं उद्घाटन झालं, नोव्हेंबरअखेर जिओचं ५-जी पुण्यात आलं. पण वर्ष-दोन वर्षांपूर्वी ५-जी म्हणून घेतलेले फोन ४-जीवरच अडकून बसले. आयफोनवाल्यांना तर डिसेंबरातल्या आयओएस १६.२ ची वाट बघावी लागली. मोडेम सक्षम होता. कंपनीनं अपडेट देऊन कुलूप उघडायचं बाकी होतं.

त्यातही एक बारकावा आहे. जिओचं ५-जी ‘स्टँडअलोन’, बोलीत एसए : टॉवरपासून मागच्या यंत्रणेपर्यंत सगळं ५-जीचं. एअरटेलनं सुरुवात केली ती ‘नॉन-स्टँडअलोन’नं, एनएसएनं : ५-जीची लहर, पण टेकू ४-जीचा. ग्राहकाला काय त्याचं, असं वाटेल. नोव्हेंबर २०२४ मध्ये रेडमी ए-४ हा ५-जी फोन साडेआठ हजारांच्या आत आला. त्यातली स्नॅपड्रॅगन ४-एस जेन २ ही चिप खास स्वस्त फोनांसाठी केलेली. किंमत खाली आणताना एनएसए गाळलं गेलं. परिणाम असा की ५-जी लिहिलेला हा फोन जिओवर ५-जी दाखवायचा आणि एअरटेलच्या सिमवर ४-जी. त्यात खोटं कोणी बोललं नव्हतं. तपशील जाहीर होता, पण तो वाचतो कोण?

अमेरिकेतल्या भाच्यानं आणलेला फोन हा आपल्याकडचा आणखी एक नाजूक विषय. आयफोन १४ पासून अमेरिकेतल्या मॉडेलांना सिमचा ट्रेच नाही, फक्त ई-सिम. वर तिथल्या मोबाइल कंपनीचं लॉक असेल, तर तो फोन इथे फोटो काढण्यापुरताच. प्रेमानं आणलेल्या वस्तूबद्दल असं बोलू नये, पण आणायच्या आधी विचारायला हरकत नाही.

“रेंज फुल आहे, मग नेट का रखडतं?”

सिग्नलच्या त्या काड्या म्हणजे ठरलेलं माप नव्हे. किती डीबीएमला किती काड्या दाखवायच्या, हे फोन कंपनी ठरवते. जुलै २०१० मध्ये ॲपलनं स्वतःच कबूल केलं होतं की त्यांचं सूत्र चुकीचं असून काड्या हव्यात त्यापेक्षा जास्त दिसतात. शिवाय काड्या सिग्नलची ताकद सांगतात, गर्दी सांगत नाहीत. क्रीडासंकुलात मोठा सामना असला की टॉवर तोच आणि त्यावर लटकलेली माणसं हजारोंनी. फोन कितीही महागडा असला तरी वाट्याला तुकडाच येतो.

नव्या उंच इमारतींच्या काँक्रीटच्या भिंती, उष्णता अडवणाऱ्या धातूलेपाच्या काचा आणि दोन मजले खाली गेलेलं पार्किंग हे सगळे लहरींचे शत्रू. लहर जितक्या वरच्या बँडची, तितकी ती भिंतीला लवकर हार मानते. ७०० मेगाहर्ट्झची लहर घरात शिरते, ३,३०० ची खिडकीपाशी रेंगाळते. म्हणूनच जिओनं ५-जीसाठी आणि बीएसएनएलनं ४-जीसाठी ७०० चा पट्टा धरला आहे. तो पट्टा तुमच्या फोनला येत नसेल, तर टॉवर शेजारी असून उपयोग नाही.

रेंज कमी असली की बॅटरी का उतरते, तेही यातच आलं. टॉवर लांब वाटला की मोडेम आवाज चढवतो. कमाल मर्यादा साधारण ०.२ वॅट. टॉवर जवळ असेल तर मोडेम लाखो पटींनी हळू बोलतो. ‘टॉवर हटवा, किरणं येतात’ म्हणणाऱ्या सोसायट्यांनी हे ध्यानात घ्यावं : टॉवर दूर गेला की खिशातला फोन जास्त जोर लावतो. भारतात फोनसाठी सारची, म्हणजे शरीर लहरींची किती शक्ती शोषतं त्या मापाची, मर्यादा १.६ वॅट प्रतिकिलो आहे, ५-जी फोनलाही तीच. *#०७# दाबलं की तुमच्या फोनचा आकडा दिसतो.

“तीन नॅनोमीटर म्हणजे तीन नॅनोमीटर”

नव्हे. तो आता पिढीचा बिल्ला आहे. टीएसएमसीच्या तीन नॅनोमीटर चिपमध्ये शेजारशेजारच्या दोन ट्रान्झिस्टरांच्या गेटमधलं अंतर चाळीस नॅनोमीटरच्या वर भरतं. इंटेलनं २०२१ मध्ये आपल्या १० नॅनोमीटरच्या सुधारित प्रक्रियेचं नाव बदलून ‘इंटेल ७’ केलं. चिप तीच राहिली, पाटी नवी. क्वालकॉमची नावं तर ज्योतिषाकडूनच काढून घेतलेली वाटतात : ‘८ एलिट’नंतर थेट ‘८ एलिट जेन ५’.

मीडियाटेकबद्दलची नाक मुरडण्याची सवयही जुनी. २००८-०९ च्या ‘चायना मोबाइल’मध्ये, त्या चार स्पीकरवाल्या फोनांत, त्यांच्याच चिपा असत. आयएमईआय नसलेले फोन सरकारनं डिसेंबर २००९ पासून बंद पाडले, त्यातही हेच जास्त होते. पण ती कंपनी तिथे थांबली नाही. २०२० च्या तिसऱ्या तिमाहीत फोनच्या चिपा पुरवण्यात ती जगात पहिली झाली, आणि तिच्या वरच्या डायमेन्सिटी चिपा स्नॅपड्रॅगनच्या खांद्याला खांदा लावतात. स्वस्त मीडियाटेक स्वस्त चालते, महाग महाग, स्नॅपड्रॅगनचंही तेच.

“फोन मेड इन इंडिया, म्हणजे चिपही इथलीच”

जोडणी इथली, चिप बहुधा तैवान किंवा कोरियाची. गुजरातमधल्या धोलेऱ्यात टाटा आणि तैवानची पीएसएमसी उभारत असलेल्या कारखान्याची झेप २८ नॅनोमीटर आणि त्याहून जाड चिपांची आहे. आजच्या महागड्या फोनचा प्रोसेसर तिथून निघणार नाही. गाड्या, मीटर, चार्जर यांना मात्र तसल्या चिपा लागतात, तेव्हा त्याला हिणवण्याचंही कारण नाही. डिझाइनचं काम भारतात खूप होतं, पण बहुतेक मालकी परदेशी कंपन्यांची. अपवाद आहेत : बंगळूरच्या सिग्नलचिपनं फेब्रुवारी २०१९ मध्ये ४-जी, ५-जीच्या मोडेम चिपा दाखवल्या. खेड्याखेड्यांतलं अंतर लक्षात घेऊन, टॉवर एकमेकांपासून सहा किलोमीटर लांब असले तरी चालेल, असं ‘५-जीआय’ मानकही इथल्या लोकांनी पुढे रेटलं आणि ते जागतिक मानकात मिसळलं गेलं.

आणि या चिपा आता फोनपुरत्या उरलेल्या नाहीत. सुरुवातीला उल्लेख आला त्या पहिल्या महाळुंग्याच्या पट्ट्यात, चाकणला, महिंद्राच्या बीई ६ आणि एक्सईव्ही ९-ई या विजेच्या गाड्या बनतात. त्यांचे पडदे स्नॅपड्रॅगनवर चालतात आणि आत ५-जी मोडेमही आहे.

तेव्हा पुढचा फोन घेण्याआधी एवढं करा. कंपनीच्या संकेतस्थळावर त्या नेमक्या मॉडेल क्रमांकाची बँडची यादी उघडा. ५-जीसाठी एन२८ (७०० मेगाहर्ट्झचा पट्टा) आणि एन७८ (३,३०० चा) दोन्ही हवेत, एसए आणि एनएसए दोन्ही हवं, आणि अपडेट किती वर्षं देणार ते लेखी हवं. यातलं एक जरी नसेल, तर प्रोसेसरचं नाव कितीही मोठं असो, दुसरा फोन दाखवायला सांगा.