तेल पिणारा बुश
आमच्या मिरजेच्या घरात १९९२ सालचं सेमी-ऑटोमॅटिक वॉशिंग मशीन आहे. मागच्या पावसाळ्यात त्याचा ड्रायर किंचाळायला लागला. मेकॅनिक म्हणाला, "काका, भंगारात द्या." निवृत्त फिटरला हे सांगायचं म्हणजे कमालच! मी प्लग काढला आणि मशीनची पाठ उघडली.

दुखणं ठरलेलंच. ड्रायरच्या शाफ्टभोवतीचं रबरी सील कडक होतं, साबणाचं पाणी खाली झिरपतं आणि शाफ्टला धरणारा बुश कोरडा पडतो. हा बुश दिसतो पितळी, पण काशाची भुकटी दाबून, भाजून केलेला, स्पंजसारखा सच्छिद्र. शाफ्ट फिरून तापला की छिद्रांतलं तेल बाहेर येतं, निवल्यावर बरंचसं परत आत मुरतं. म्हणून इथे ग्रीस नको, ते छिद्रं बुजवतं. खोबरेल तर नकोच (आईचा रामबाण उपाय तोच), कालांतराने ते चिकट होतं.

नवा बुश रात्रभर पातळ मशीन ऑइलमध्ये बुडवला. बारीक बुडबुडे येत राहिले. गंजलेला शाफ्ट झिरो पेपरने घासला. नव्या सीलच्या कडेला मात्र सिलिकॉन ग्रीस. साध्या ग्रीसने रबर फुगू शकतं.

किंचाळणं थांबलंय. ब्रेकची केबल मात्र सैल आहे. ती रविवारी, तोवर ड्रायर बंद.