वाऱ्याच्या मुलखातील सायकलप्रवास

सायकलस्वाराला चढापेक्षा वारा अधिक जाचतो, हे ज्यांनी पावसाळ्याच्या तोंडी उलट्या वाऱ्यात सायकल हाकली आहे त्यांना सांगावयास नको. चढाला माथा असतो आणि माथ्यापलीकडे उतार असतो. वाऱ्याला तसे काही नाही. दक्षिण अमेरिकेच्या टोकाकडील पातागोनियात तर दिवसाची मजल नकाशावरील अंतराने नव्हे, वाऱ्याच्या दिशेने ठरते.

हा वारा तेथेच एवढा का? दक्षिण गोलार्धात ४० ते ५० अक्षांशांच्या पट्ट्यात जमीन फारच थोडी. त्यामुळे पश्चिमेचे वारे महासागरावरून जवळजवळ अडथळ्यावाचून धावत येतात आणि अँडीज पर्वताला धडकतात. आपले पाणी ते चिलीच्या बाजूस टाकतात व कोरडे होऊन अर्जेंटिनाच्या उघड्या माळावर उतरतात. तेथे झाड नाही, आडोसा नाही. शिवाय त्यांचा जोर अधिक असतो तो उन्हाळ्यात, म्हणजे प्रवासाला योग्य अशा डिसेंबर-जानेवारीतच.

आता थोडे गणित पाहू. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. शांत हवेत ताशी १५ किलोमीटर जाणाऱ्या माणसासमोर ताशी ३० किलोमीटरचा वारा आला, तर हवा त्याला ४५ च्या वेगाने भिडते. वेग तिप्पट, म्हणून विरोध नऊपट! तोच वारा पाठीशी असला, तर ताशी ३० ने जातानाही हवेचा अडसर उरत नाही. आडवा वारा सर्वांत धोक्याचा. मालमोटार शेजारून जाताना क्षणभर आडोसा मिळतो. ती पुढे गेली की झोत एकदम आदळतो आणि सायकल रस्त्यावरून फेकली जाते. म्हणून जाणते प्रवासी पहाटे निघतात आणि दुपारी वारा चढण्यापूर्वी मुक्काम गाठू पाहतात.

पण गाठावयाचा कोणाकडे? तेथील सांताक्रूझ प्रांतात दर चौरस किलोमीटरला दोन माणसेही नाहीत. मेंढ्यांच्या कुरणातील एखादे घर, रस्तेदुरुस्तीच्या कामगारांचा तळ, पोलिसांची चौकी, एवढाच आधार. आणि नवल असे, की ही दारे सहसा बंद नसतात. तिएर्रा देल फुएगो बेटावरील तोल्हुइन गावातल्या एका बेकरीने तर अनेक वर्षे सायकलस्वारांना फुकट निवारा दिला.

हे केवळ औदार्य नव्हे. पुढचे घर दिवसभराच्या वाटेवर असेल, तेथे पाहुण्याला परत लावणे म्हणजे त्याला थंडीवाऱ्याच्या हवाली करणे होय. ज्या मुलखात प्रत्येकजण कधी ना कधी वाटसरू असतो, तेथे आतिथ्य हा परस्पर विमाच ठरतो.

या आतिथ्याचेही नियम आहेत. ‘माते’ नावाचे कडवट पेय एकाच तुंबीतून, एकाच नळीने, आळीपाळीने सर्वजण पितात. पाहुण्याने तुंबी परत देताना ‘ग्रासियास’, म्हणजे ‘आभारी आहे’, म्हटले तर त्याचा अर्थ ‘आता पुरे’ असा होतो. पुन्हा हवे असल्यास मुकाट्याने परत करावी. आणि निघताना कुरणाचे फाटक जसे सापडले तसेच ठेवावे. बंद होते तर बंद, उघडे होते तर उघडे. यजमानाची मेंढरे जागेवर राहिली, तरच मागून येणाऱ्या सायकलस्वारासाठी त्याचे दार उघडे राहील.