एका दिवसाचे गुरुजी

शिक्षक दिन आला की आपल्याकडच्या अनेक शाळांत स्वयंशासन दिन साजरा होतो. डॉ. राधाकृष्णन यांचा ५ सप्टेंबर हा जन्मदिवस १९६२ पासून शिक्षक दिन म्हणून पाळला जातो, हे आपण जाणताच. त्या दिवशी दहावीची मुलं मुख्याध्यापक, शिक्षक, शिपाई होतात. मुली आईची साडी नेसून येतात. शिक्षक मागे बसून कौतुक पाहतात, शेवटी मनोगतं होतात, फोटो निघतो आणि सहा तारखेला शाळा पुन्हा होती तशी.

गणिताचा शिक्षक म्हणून मी हा दिवस अनेक वर्षं पाहिला. एक गोष्ट मात्र माझ्या फार उशिरा ध्यानात आली. मुख्याध्यापक कोण होणार, हे आमच्याकडे पहिल्या नंबरावरून ठरायचं. आणि शिपाई व्हायला अभ्यासात सर्वांत मागे पडलेला मुलगा पुढे केला जायचा. तो दिवसभर घंटा द्यायचा. म्हणजे ज्याला या दिवसाची सर्वांत जास्त गरज, तोच वर्गाबाहेर!

२००६ साली अशाच एका मुलाला मी पाचवीच्या वर्गावर पाठवलं. काय शिकवायचं ते त्यानंच ठरवायचं होतं. त्यानं अपूर्णांकांची बेरीज निवडली. ‘‘हेच का रे?’’ असं विचारलं तर म्हणाला, ‘‘सर, मलाही तिथंच अडतं.’’ त्याची वही मी मुद्दाम तपासली नाही.

तास सुरू झाला. फळ्यावर त्यानं एक द्वितीयांश अधिक एक तृतीयांश असं मांडलं, वरचे अंक वर मिळवले, खालचे खाली, आणि उत्तर लिहिलं दोन पंचमांश. मी खुर्चीतून अर्धा उठलोच होतो. तेवढ्यात पुढच्या बाकावरची एक चिमुरडी म्हणाली, ‘‘दादा, पाचातले दोन म्हणजे अर्ध्याहून कमीच की! अर्ध्या भाकरीत आणखी भाकरी घातली तर ती कमी कशी होईल?’’

वर्ग हसला. मुलानं माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीबाहेर पाहू लागलो. (सोपं नव्हतं हो ते. चूक दिसली की शिक्षकाची जीभ आधी वळवळते.) मग त्यानं फळ्यावर एक भाकरी काढली, तिचे सहा तुकडे केले. अर्ध्या भाकरीत तीन तुकडे आले, तृतीयांशात दोन. एकूण पाच, म्हणजे पाच षष्ठांश! यात पंधरा मिनिटं गेली. मी हे दोन मिनिटांत सांगितलं असतं. खरं तर त्याला पाचवीपासून दर वर्षी सांगतच आलो होतो.

मुलांनी मुलांना शिकवणं नवं नाही. अठराव्या शतकाच्या अखेरीस मद्रासच्या एग्मोर भागातल्या अनाथ मुलांच्या शाळेत अँड्र्यू बेल या पाद्र्यानं मोठ्या मुलांकडून लहानांना शिकवून घेतलं. १७९७ मध्ये लंडनला त्यावर पुस्तक छापलं आणि ही ‘मद्रास पद्धत’ विलायतेत गाजली. पण तिचं मोठं आकर्षण होतं काटकसरीचं : एका मास्तराच्या पगारात शेकडो मुलं. मास्तरांनी सांगितलं ते मोठ्या मुलानं पुढे सांगायचं, एवढंच. काय शिकवायचं, हे त्याच्या हाती नव्हतं. आमच्या स्वयंशासन दिनातही धडा आम्हीच नेमून देत होतो. साडी मुलींची, तास मात्र आमचाच!

पुढच्या वर्षापासून आम्ही महिन्यातला एक शनिवार मुलांवर सोपवला. ‘‘पोर्शन कधी संपणार?’’ हा सहकाऱ्यांचा सवाल रास्तच होता, आणि काही तास साफ फसलेही. एकदा आठवीतल्या मुलानं घरचा सातबारा आणून तो कसा वाचायचा ते शिकवलं. ‘‘यात तुझ्या आईचं नाव कुठंय?’’ असं एका मुलीनं विचारलं. त्याला उत्तर येईना, मलाही येईना. सोमवारी दोघं मिळून तलाठ्याकडे विचारायला गेली.

राहता राहिलं शिपायाचं काम. ते आम्ही शिक्षकांनी वाटून घेतलं. माझी पहिली घंटा चार मिनिटं उशिरा झाली, आणि त्याबद्दल नववीच्या ‘मुख्याध्यापक बाईं’नी मला ऑफिसात बोलावून घेतलं.